खिरीबद्दल सगुणेला माहीत नव्हतं

बुधवारी सकाळी देवापुढचं निरांजन लावून मी प्रिंटरकडे वळले, तेव्हा त्याच्या ट्रेमध्ये दोन कागद होते. एक माझा होता. टोरांटोच्या सूर्योदयाप्रमाणे काढलेलं त्या महिन्याचं पंचांग. ते मी दर महिन्याला छापून देवघराच्या दाराला लावते. देवघर म्हणजे तरी काय, ओकव्हिलच्या आमच्या घरातली ऑफिसची लहानशी खोली. एका भिंतीशी देव, समोरच्या भिंतीशी प्रिंटर.

दुसरा कागद माझा नव्हता. पण चष्मा नाकावर होता, कागद सुलटा होता, आणि वाचून झाल्यावरच लक्षात आलं की हा आपण वाचायचा नव्हता.

"सरदाराची मेजवानी. खिरीत विष. पहिली वाटी जो उचलेल त्याने फासा टाकायचा. पंधराच्या खाली आला तर तिसऱ्या फेरीत कोसळणार. कोसळल्यावर वाचवायची एकच संधी. पहिली वाटी अर्थात भुजंग उचलणार!!"

भुजंग म्हणजे आमचे हे. रवींद्र.

मी कागद होता तसा ठेवला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आधी तो कसा होता तेच आठवेना.

ह्यांनी विनिपेगला सत्तावीस वर्षं कॉलेजात मुलांना शिकवलं. शिकवणं म्हणजे बोलणंच. शेवटच्या बाकापर्यंत आवाज जायचा म्हणून माईक घ्यायचे नाहीत. रिटायर झाल्यावर मुलीच्या जवळ राहावं म्हणून आम्ही इकडे आलो, आणि दीड वर्षापूर्वी एका सकाळी दात घासताना ह्यांच्या हातातला ब्रश पडला. हात परत आला, पाय परत आला. बोलणं आलं नाही. कळायचं सगळं. शब्द तोंडाशी येऊन अडायचे. 'मीठ' म्हणायचं असलं की 'म... म...' आणि मग हात झटकून उठून जायचे. हळूहळू प्रयत्नही सोडला. हं, नको, आणि बोट.

उत्कर्षा आमच्या बेसमेंटमध्ये राहते, प्रिंटर आमचाच वापरते. सांगलीची मुलगी, इथे कॉलेजात शिकते, उरलेल्या वेळात एका कॉफीच्या दुकानात उभी असते. तिला त्या कागद-फाशांच्या खेळाचं भारी वेड. एकाने गोष्ट रचायची, बाकीच्यांनी तिच्यातली एकेक माणसं व्हायचं, आणि अडेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. गेल्या वर्षी तिने सहज विचारलं, "काका, खेळता? मी मराठीत करते सगळं." हे मान हलवायच्या आत तिने कागद पुढे ठेवला. भुजंग, तलवारबाज, खादाड, तोंडाळ.

दुसऱ्या शनिवारी गोष्टीतल्या सरायवाल्याने भुजंगाला शिळी भाकरी वाढली. आणि आमचे हे टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "अरे, ही भाकरी आहे की ढाल? वाढतोस कुणाला, लढवतोस कुणाला?"

एका दमात. एकही शब्द न अडता. चैत्रालीने, आमच्या मुलीने, माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

स्पीच थेरपिस्ट म्हणाली, असं होतं कधी कधी. कुणाचं बोलणं गाण्यातून येतं, कुणाचं शिव्यांतून. तुमच्या मिस्टरांचं ह्या भुजंगातून येतंय, येऊ द्या. पण टेबलावरून उठले की हे पुन्हा हं, नको, बोट. डिसेंबरात उत्कर्षा तीन आठवडे मैत्रिणीकडे गेली, खेळ बंद होता, तेव्हा सबंध तीन आठवड्यांत ह्यांच्या तोंडून मी मोजून अकरा शब्द ऐकले.

आता तो भुजंग खीर खाऊन मरणार होता.

एक माणूस मेला तर दुसरा घेता येतो, हे मला माहीत होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून ह्यांचं बोलणं येईल हे कुणी सांगावं? भुजंग मेला आणि त्याच्याबरोबर आवाजही गेला तर?

खेळातली माझी बाई म्हणजे सगुणा, वैदू. मुळ्या, पाले, काढे. तिच्या झोळीत विषावरचा उतारा होता. खीर खाल्ल्याबरोबर दिला असता तर भुजंग हसत उठला असता. पण खीर विषारी आहे हे मला माहीत होतं, सगुणेला नव्हतं. खेळाचा हाच एक नियम उत्कर्षा पुन्हा पुन्हा सांगायची, "बाहेरचं आत आणायचं नाही, काकू." मला तो फार चटकन कळला होता. व्रताच्या कहाणीत दारात आलेली म्हातारी कोण, हे ऐकणाऱ्या सगळ्या बायकांना ठाऊक असतं. राणीला नसतं. म्हणून तर राणी तिला हाकलते, आणि म्हणून तर कहाणी होते. ऐकणारीने मधेच ओरडून राणीला सांगितलं तर वसा कसला नि फळ कसलं? आणि दुसरं म्हणजे, ओवळ्याने सोवळ्यात हात घालायचा नाही हे मला कुणी शिकवायला नको.

गुरुवारी उत्कर्षा कामावरून आली ती बुटांवरचा बर्फ झटकत सरळ किचनमध्ये. मी ठरवलं होतं, सांगून टाकायचं. मुली, चुकून वाचलं ग.

"काकू, शनिवारसाठी मी काय लिहिलंय ना! तीन आठवडे घासतेय. काकांचा इतका मोठा सीन आहे, इतका मोठा!"

"कसला?"

"वा! सांगू कशी?" तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. "तुम्ही ना काकू, एकदम इनोसंट चेहऱ्याने विचारता. काय झालं? गाळणं का असं धरलंय?"

"काही नाही. आलं घालू का चहात?"

दिवेलागणीला देवापुढे बसून दिवसभरात काय खोटं बोलले ते उच्चारायचा माझा नेम आहे. पस्तीस वर्षं झाली. यादी कधी फार मोठी नसते. देवळात कुणाच्या साडीचं उगाच कौतुक केलेलं, फोनवर 'आत्ताच निघतोय' म्हटलेलं. त्या संध्याकाळी मी 'काही नाही' एवढंच उच्चारलं, आणि घंटा जरा जोरात वाजवली.

शुक्रवारी एकादशी होती. दाराच्या पंचांगाप्रमाणे, म्हणजे इथल्या सूर्योदयाप्रमाणे. दोघांनी साबुदाणा खाल्ला. ह्यांनी दोनदा घेतला. भांडी विसळताना माझी नजर किचनमधल्या कॅलेंडरवर गेली. ते भारतातून येतं, नणंद पाठवते. त्यावर एकादशी शनिवारी होती.

असं होतं. तिथी एकच, पण सूर्य तिथे आधी उगवतो नि इथे नंतर, म्हणून दिवस बदलतो. परदेशात आल्या वर्षी मी रडकुंडीला आले होते ह्या घोळाने. मग आईने पत्रातून कळवलं, जिथे राहतेस तिथल्या सूर्याचं ऐक. तेव्हापासून मी इथल्या सूर्याचं ऐकते.

सगुणा एकादशी करते. खेळाच्या पहिल्याच दिवशी मी तसं तिच्या कागदावर लिहिलं होतं. उत्कर्षा हसली होती, पण मान्य केलं होतं. आमचा खेळ एकादशीला आला की सगुणा उपाशी.

हातातलं पातेलं तसंच धरून मी त्या कॅलेंडरकडे बघत राहिले. नळ वाहत होता.

शनिवारी दुपारी दोनला आम्ही चौघं बेसमेंटमध्ये बसलो. चैत्राली स्कारबरोहून आली होती, येता येता दोनदा गाडी घसरली म्हणून चिडलेली. "आई, पाचला निघणार मी, बर्फ वाढायच्या आत. उत्कर्षा, आज कोणाला मारायचं ते पटापट मार."

मी पाण्याचा घोट घेतला तो चुकीच्या नळीत गेला.

सरदाराचा वाडा आला. समया आल्या, पाट आले. उत्कर्षाने आवाज खाली आणला. "सरदार हात जोडून उभा आहे. पानं मांडली आहेत. चांदीच्या वाट्यांतून केशरी खीर येतेय. सरदार म्हणतो, आधी पाहुण्यांनी."

भुजंगाने बाह्या सरसावल्या. म्हणजे ह्यांनीच, स्वेटरच्या.

"थांबा," मी म्हणाले. "आज एकादशी आहे. सगुणा खाणार नाही."

"ओके," उत्कर्षाने टिपलं. "सगुणा उपाशी."

"आणि सगुणेबरोबर असलेल्या कुणीही खायचं नाही. एकाच चुलीवरची माणसं आपण. सगुणा भुजंगाचा हात धरते."

"अरे वा," चैत्राली म्हणाली, "नवीनच रूल. आई, भुजंगने मागच्या महिन्यात एकादशीला अख्खा बोकड खाल्ला, तेव्हा नाही धरलास हात?"

हे माझ्याकडे बघत होते. भुजंगासारखे नाही, ह्यांच्यासारखे. ओठ हलले.

"ए... एका..." बोट वर गेलं, जिन्याकडे, किचनकडे. "काल."

"काय बाबा?"

"काल... झाली. साबु... साबु..." हाताने वाटी केली, दोन बोटं दाखवली. दोनदा.

"बाबा म्हणतात एकादशी काल झाली," चैत्राली म्हणाली. "आई?"

"कॅलेंडरात आज आहे," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "भारतातल्या."

"भारतातल्या? तूच ना ती, जिने माझ्या लहानपणी बाबांकडच्या आजीला फोनवर भांडून सांगितलं की इथली एकादशी इथे? आई, सीरियसली, काय चाललंय?"

उत्कर्षाने पेन्सिल खाली ठेवली. तिचे डोळे छताकडे गेले. वर प्रिंटर होता. मग ते माझ्यावर आले.

मी अजूनही गप्प बसू शकले असते. कॅलेंडर खोटं नव्हतं. मी म्हटलेला एकही शब्द खोटा नव्हता. आणि तेच मला सहन होईना. पस्तीस वर्षं ज्या व्रताने मला धरून ठेवलं, त्याचा मी आडोसा केला होता. एकादशीला मी एक दिवस सरकवलं होतं, एखादी खुर्ची सरकवावी तशी.

"खिरीत विष आहे," मी म्हणाले. "मी वाचलं. बुधवारी. पंचांगाबरोबर तुझा कागद आला होता. हे पहिली वाटी उचलणार, आणि मग... उत्कर्षा, भुजंग नको ग मारूस. तो गेला तर हे बोलणार नाहीत."

बोलून गेल्यावर कळलं, हे मी ह्यांच्यासमोर बोलले.

घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला. उत्कर्षाचं नाक लाल झालं. "काकू, मला सांगायचं ना. एक शब्द. मी बदललं असतं." तिने रबर उचललं. "बदलते ना आत्ताच. त्यात काय. खीर साधी. विष नाहीच."

ह्यांनी तिच्या कागदावर हात ठेवला. उजवा, जो आजारी पडला होता तो.

"नाही."

"काका, खरंच, काही नाही होत."

"नाही. भु... भुजंग..." मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. "ऐकलं... नाही. भुजंगाने. नाही ऐकलं."

मला आधी अर्थच लागेना. चैत्रालीला लागला. "बाबा, तुम्हाला माहीत झालंय आता. यू डोन्ट हॅव टू..."

"मला," हे म्हणाले आणि छातीला बोट लावलं. मग तेच बोट समोरच्या कागदावर, भुजंगाच्या नावावर ठेवलं आणि मान नाही अशी हलवली.

सत्तावीस वर्षांत ह्या माणसाने एका मुलाला फुकटचा मार्क दिला नव्हता. डीनच्या मुलालाही नाही. मी कुणाशी खेळत होते!

ह्यांनी खुर्ची मागे सरकवली, पोट पुढे काढलं, आणि भुजंगाचा आवाज खोलीभर झाला. "सरदार! ही बाई भुकेने बरळते आहे, तिच्याकडे बघू नका. खीर वाढा! थंड झाली तर पाप तुम्हाला लागेल!"

फासा टाकला. घरंगळत माझ्या पाण्याच्या भांड्याला आपटून थांबला. सहा.

उत्कर्षाने ओठ चावला. "खीर फार गोड आहे," ती हळू म्हणाली. "पहिली फेरी. भुजंग?"

"दुसरी वाटी!"

"चैत्राली?"

"मी... माझा गडी, तो माग काढणारा, खिडकीतून बाहेर बघतो." चैत्राली खरोखरच भिंतीकडे बघत होती.

"सगुणा काय करते, काकू?"

सगुणा काय करते? सगुणेला माहीत नव्हतं. उतारा झोळीत, झोळी मांडीवर, आणि हात घालायचा नाही. हे माझ्याकडे बघत होते. डोळ्यांनी नाही म्हणत होते.

"सगुणा..." मी म्हणाले, "सरदारीणबाईंना विचारते, केशर कुठलं घालता?"

"सरदारीण म्हणते, काश्मीरचं. दुसरी फेरी."

आणि भुजंग बोलायला लागला. वाटी हातात धरून, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं. "केशराचं काय सांगता बाई! माझ्या लग्नात सासऱ्याने भातात केशर म्हणून हळद घातली. मी म्हटलं, मामा, रंग आला, वास कुठाय? तर म्हणतो, वास पुढच्या वर्षी, बारशाला! मी तसाच पानावरून उठणार, तर शेजारी ही बसलेली. नवी नवरी. मान खाली, आणि पदराआडून मला म्हणते, बसा खाली, घरी गेल्यावर मी करून घालीन. तिचा पहिला शब्द तो. लोक म्हणतात मी खादाड. अहो, खादाड नाही, मी त्या शब्दावर बसलोय अजून!"

चैत्राली हसत होती आणि डोळे पुसत होती. मी इतकं सलग बोलणं दीड वर्षात ऐकलं नव्हतं. आणि प्रत्येक वाक्यागणिक वेळ चालली होती. एकदा वाटलं, बोलू नका, गप्प बसा, दम लागेल. एकदा वाटलं, थांबूच नका.

"सगुणा?" उत्कर्षाने विचारलं.

"सगुणा... हसते."

"तिसरी फेरी. भुजंगाच्या हातातली वाटी पडते. तो कोसळला." तिचा आवाज फाटला. "आता तुम्हाला कळलं, काकू. आता काय करायचं ते करा. बारा किंवा वर."

मी फासा उचलला. नमस्कार करायचं विसरले. टाकला.

सात.

मग उत्कर्षाने, जिने हे सगळं लिहिलं होतं तिने, फार हळू सांगितलं की सगुणेच्या मांडीवर भुजंगाचा श्वास थांबला.

मेलेल्या माणसाने बोलायचं नसतं, हाही नियमच. हे हात मांडीवर ठेवून बसले. पुढचा अर्धा तास चैत्रालीने आणि मी वाड्यातून कसंबसं बाहेर पडायचं केलं. मी काय बोलले मला आठवत नाही. मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. मिटलेलं. ही चुप्पी भुजंगाची होती की ह्यांची? बघून कळत नव्हतं. नजर रिकामी होती की शांत होती, तेही नाही.

पावणेपाचला चैत्रालीने जॅकेट चढवलं. खेळ संपला, आता बोलायला हरकत नव्हती. हे बोलले नाहीत. उठले, खुर्ची आत सरकवली, भुजंगाचा कागद दुमडून उत्कर्षाला दिला. जिन्याकडे गेले. कठडा धरून एक पायरी, दोन पायऱ्या.

"काका, सॉरी," उत्कर्षा म्हणाली.

तिसऱ्या पायरीवर हे थांबले. वळले नाहीत. पाठीकडूनच कळलं की काहीतरी वर येतंय.

"पु... पुढ..."

मी एक पाऊल पुढे झाले. शब्द मला माहीत होता. पुढच्या शनिवारी नको. हेच म्हणायचं होतं ह्यांना. मी म्हणून टाकलं असतं तर ह्यांचे कष्ट वाचले असते. माझं तोंड उघडलंही होतं. चैत्रालीने मागून माझा पदर धरला.

"पुढच्या... शनि..." कठड्यावरचा हात पांढरा पडला होता. "शनि... वारी. मी..."

भट्टी थांबली. वर कुठेतरी छतावरून बर्फाचा थर घसरून पडला.

"मी... चोर."

"काय?" उत्कर्षा म्हणाली.

हे वळले. हा आवाज भुजंगाचा नव्हता. बारीक होता, खरखरीत, मधेमधे तुटणारा. कॉलेजातलाही नव्हता. असा मी कधीच ऐकला नव्हता. "चोर. बा... बारीक. खा... खात... नाही."

चैत्रालीच्या तोंडून हुंदका फुटला की हसू, कोण जाणे. उत्कर्षाने बाहीला नाक पुसलं, टेबलावरून कोरा कागद ओढला आणि पेन्सिल शोधत म्हणाली, "आणि नाव? नाव काय चोराचं, काका?"

ह्यांनी डोळे मिटले. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. प असेल, ब असेल, म असेल. आम्ही तिघी जिन्याखाली माना वर करून उभ्या राहिलो. मला ते नाव माहीत नव्हतं.